घरची कोठी : पीठ भरावे की दाणा?

गेल्या महिन्याच्या टपालातील एका पत्राने आम्हांस आमच्याच घरातील तीन वर्षांपूर्वीच्या दिवसांची आठवण करून दिली. पत्र लिहिणाऱ्या भगिनी पुण्यास राहतात. त्यांच्या सात वर्षांच्या मुलास डॉक्टरांनी गहू जन्मभर वर्ज्य सांगितला आहे. मुलास केक, बिस्किटे, नानकटाई यांची मोठी आवड. ती आता घरीच करणे भाग. 'ग्लूटेनमुक्त' असे छापलेले पीठ किरकोळ घ्यावे तर फार महाग पडते, पंचवीस किलोंचे पोते एकदम घ्यावे तर बरीच सूट मिळते, असा हिशेब त्यांच्यापुढे आहे. एवढे पीठ घरी किती दिवस टिकेल आणि ते कसे ठेवावे, हे या सदरातून कळवावे, अशी त्यांची विनंती.

प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळच देतो. ते पोते घेऊ नये. पीठ ही साठवण्याची वस्तूच नव्हे; साठवावयाचा तो दाणा. हे उत्तर आम्ही शहाणपणाने दिले असे वाचकांनी समजू नये. पैसे दवडून, आणि त्याहून वाईट म्हणजे एका लेकराला पुन्हा अंथरुणाला खिळवून, मग आम्हांस हे कळले आहे. म्हणून ते जरा विस्ताराने सांगण्याचा अधिकार आम्ही घेतो.

आमची नात तेव्हा पाच वर्षांची होती. हातापायांच्या काड्या, पोट मात्र नगाऱ्यासारखे. वजन वाढेना, उंची वाढेना, रक्त कमी. जंतांचे औषध झाले, दूध बंद करून झाले, कोणी दृष्टही काढली. अखेर रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीने आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला गेला आणि सीलिॲक या विकाराचे निदान ठरले. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. पुरणपोळीची कणीक तिंबताना तिला जी तार येते, ती याच ग्लूटेनमुळे. सीलिॲक असलेल्या माणसाच्या शरीरात हे प्रथिन गेले, की शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तराशी वैर मांडते. ते अस्तर सपाट होत जाते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. यावर औषध नाही. पथ्य हेच औषध, आणि ते आयुष्यभराचे. हा विकार उत्तर हिंदुस्थानात अधिक व दक्षिणेकडे कमी आढळतो. त्यामुळे आपल्याकडे त्याचा संशयच उशिरा येतो.

येथे एक गोष्ट बजावून सांगणे अवश्य आहे. घरातील मुलाविषयी असा संशय आला तर तपासणी होण्यापूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. गहू बंद होताच आतडे सुधारू लागते, रक्तातील खुणाही पुसट होतात, आणि मग खरे निदान करणे डॉक्टरांनाही कठीण जाते.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध उलगडला तो एका दुष्काळातच. हॉलंडमधील विलेम डिके या बालवैद्याला १९३० नंतरच्या काळापासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याच्या ताब्यातील त्या देशात अन्नान्नदशा झाली. पाव मिळेनासा झाला. इतर मुले वाळत असता या विकाराच्या मुलांची प्रकृती मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती बिघडली. डिके यांनी आपला प्रबंध १९५० साली सादर केला. जगाची भाकर गेली तेव्हा ज्या मुलांना आराम पडला, त्यांच्या आयांनी त्या दिवसांत काय मानले असेल, हा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो.

असो. आमच्या घरी निदान झाले ते चैत्रात. सूनबाई बँकेत नोकरीस. तिला वेळ नाही. आम्हीच पुढाकार घेऊन ग्लूटेनमुक्त ज्वारीच्या पिठाची दहा किलोंची पिशवी मागवली. पिशवी मोहोरबंद होती. तीवरील तारीख सहा महिन्यांपुढची होती. आम्ही निर्धास्त झालो. सोलापूरचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगावयास नकोच. पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर. पिशवी एकदा फोडली, रोज उघडली, रोज मिटली. तिसऱ्या आठवड्यात भाकरी थापताना कडेने फाटू लागली, चौथ्यात तव्यावर टाकतानाच तिचे दोन तुकडे होऊ लागले. पिठाची विरी गेली होती. पुढे पिठाला जुन्या तेलाचा वास येऊ लागला आणि भाकरी कडवट लागू लागली. निम्मे पीठ आम्ही खळ करण्यास दिले. पिशवीवरची तारीख न फोडलेल्या पिशवीची आणि थंड जागेची असते, हे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. आमचा चष्मा त्या दिवशी जवळ नव्हता, एवढेच.

याचे कारण समजण्यासारखे आहे. दाण्याच्या पोटात अंकुराचा भाग असतो आणि त्यात तेल असते. दाणा अखंड असेतो ते तेल जणू कुलुपात असते. दळताच कुलूप फुटते. तेलाला वारा लागतो, दाण्यातील पाचकद्रव्ये त्याच्याशी मिसळतात आणि ते खवट होऊ लागते. ज्या धान्यात तेल जास्त त्याचे पीठ लवकर बिघडते. म्हणून बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडू होते, ज्वारीचे उन्हाळ्यात पंधरा दिवस व थंडीत त्याहून थोडे अधिक टिकते. नाचणीचे आणि तांदळाचे त्याहून बरे. जुन्या बायका बाजरी चार दिवसांपुरतीच दळत, ते आळसाने नव्हे.

दुसरी चूक पहिलीहून मोठी होती. पीठ टिकत नाही तर दळून आणावे, असे म्हणून आम्ही ज्वारी जवळच्या गिरणीत पाठवू लागलो. ज्वारीत गहू नाही, मग भय कसले? पंधरा दिवसांत नातीचे पोट पुन्हा फुगले. रात्री कण्हत ती आईच्या कुशीत मुटकुळे करून पडे. भाकरीखेरीज तिला आम्ही दुसरे काही देत नव्हतो. दोष भाकरीत असेल हे कोणाच्या स्वप्नीही येईना. उलगडा झाला तो एके दिवशी आम्ही स्वतः गिरणीत उभे राहिलो तेव्हा. आमच्या आधी कोणाचे वीस किलो गहू दळून झाले होते. आमची ज्वारी चक्कीत पडली आणि आधी पांढरीपिवळी कणीकच खाली आली. मग हळूहळू ज्वारीचा रंग उतरला. गिरणीवाल्याचा यात काही अपराध नाही. गावातल्या प्रत्येक गिरणीत हेच होते, आणि शंभरांतील नव्याण्णव घरांना त्याने काडीचाही फरक पडत नाही.

फरक किती सूक्ष्म असतो तो आकड्यांनी सांगतो. आपल्या देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसेल तरच त्यावर 'ग्लूटेनमुक्त' असे लिहिता येते. जगातही बहुधा हेच मान चालते. आता गव्हाच्या पिठात ग्लूटेन साधारण दहावा हिस्सा धरा. म्हणजे पाच किलो ज्वारीच्या पिठात एक ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा गाठली गेली. एक ग्रॅम म्हणजे चिमूट-दोन चिमूट. गिरणीच्या दोन दगडांत, नळीत आणि खाली बांधलेल्या कापडी पिशवीत किती चिमटी अडकून राहतात, हे ज्याने गिरणी झाडली आहे त्यालाच विचारावे.

आणि येथेच दाण्याचा मोठा गुण ध्यानात येतो. ज्वारीचा दाणा गोल, मोत्यासारखा. गहू लांबट, पोटावर चीर असलेला. ताटात पसरलेल्या ज्वारीत गव्हाचा एक दाणा असला तरी तो डोळ्यांपासून लपत नाही. गव्हाचे पंचवीसेक दाणे मिळून एक ग्रॅम भरतो. तेव्हा पाच किलो ज्वारीत पंचवीस दाणे राहिले तर वर सांगितलेली मर्यादा भरली, आणि ते पंचवीस दाणे चष्मा लावून बसलेली कोणतीही आजी सहज वेचून काढील. पण तेच एकदा दळले गेले, की ब्रह्मदेवालाही ते वेगळे करता येणार नाहीत. शुद्धता पाहता येते ती दाण्यात. पिठात ती दुसऱ्याच्या शब्दावर मानावी लागते.

हे सर्व सोलापुरात राहून आम्हांस इतक्या उशिरा कळावे, याची लाजही वाटते. आमच्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर मंगळवेढे आहे. तेथील काळ्याभोर जमिनीत पाणी न देता, केवळ परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि दंवावर जो शाळू येतो, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच गावी पंधराव्या शतकात बहामनी राजवटीतील दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी अंबारे रयतेस लुटू दिली. पुढे विठोबाने महाराच्या रूपाने बेदरास जाऊन त्या धान्याचा भरणा केला, ही कथा आपणांपैकी प्रत्येकाने कीर्तनात ऐकली आहे. पण कथा ऐकताना आमचे लक्ष नेहमी विठोबाकडे गेले. दुष्काळापर्यंत टिकलेले ते धान्य कोणी आणि कसे सांभाळले होते, हा प्रश्न आम्हांस कधी सुचला नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडी ज्वारीतून निवडून काढलेले 'मालदांडी ३५-१' हे वाण १९३० नंतरच्या दशकातले. नव्वद वर्षांच्या जवळ आले तरी आजही शेतकरी ते पेरतो आणि गिऱ्हाईक नाव घेऊन मागतो. असे धान्य दारात असता आम्ही दूरदेशीची पिशवी मागवीत होतो.

खरे सांगावयाचे तर आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून भाकरी हळूहळू मागे पडली ती केवळ गहू स्वस्त झाल्यामुळे नव्हे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळेत होतो. तेव्हा रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळे. तिच्या भाकरीला ना चव ना रूप. ती खाताना पुष्कळांनी मनाशी ठरवले असावे, की बरे दिवस येताच रोज पोळी खाऊ. बरे दिवस आले, पोळी आली, आणि भाकरी थापता येणारे हात घरातून गेले. आमच्या सूनबाईस भाकरी येत नव्हती. तिला ती शिकवली आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंनी, आम्ही नव्हे.

आता खरेदीकडे वळू. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, माघ-फाल्गुनात काढणीस येते. मळणी होऊन माल बाजारात भरपूर दिसतो तो मार्च-एप्रिलात. वर्षाची खरेदी करावयाची ती याच वेळी. खरिपाची ज्वारी कणसात असतानाच पावसात सापडते. दाणा काळवंडतो, त्याला बुरशीचा अंश राहतो. ती साठवणुकीस घेऊ नये. सोलापुरास बाजार समितीत, बार्शीच्या पेठेत किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावी. यांत शेवटचा मार्ग आमच्या कामास सर्वांत चांगला, कारण दोन प्रश्न विचारता येतात. पहिला, मळणीयंत्रातून आधी गहू काढला होता काय. काढला असल्यास आपल्या ज्वारीची पहिली दोन-तीन पोती दुसऱ्यास जाऊ द्यावी. दुसरा, बारदान नवे आहे की गव्हाचे रिकामे झालेले. नवी पोती आपणच नेऊन दिली तर शेतकऱ्यास राग येत नाही. फार तर हसू येते.

माल पाहताना पोत्याच्या मध्यापर्यंत हात घालावा. आतून ऊब लागली तर दाणा ओला आहे. एक दाणा दातांखाली धरून फोडावा. कट् असा आवाज होऊन तो फुटला पाहिजे, चेपता कामा नये. शास्त्राच्या भाषेत ओलावा शंभरी बाराच्या आत असावा. दाताला एवढे शास्त्र अवगत असते.

किती घ्यावी? माणशी दिवसाला दोन मध्यम भाकऱ्या धरल्या तर दीडशे ग्रॅम पीठ लागते. चार माणसांस दिवसाला सहाशे ग्रॅम, वर्षाला दोन क्विंटलांहून थोडे अधिक. एकट्या मुलापुरतीच घ्यावयाची तर भाकरी आणि भट्टीचे पदार्थ मिळून अर्धा क्विंटल पुरे. आमचे मत असे, की सर्व घरानेच भाकरीवर यावे. एका घरात दोन परातींत दोन पिठे मळली जाऊ लागली की कोठे ना कोठे हात चुकतो. शिवाय पाच वर्षांच्या मुलीच्या पानात वेगळे आणि इतरांच्या पानात वेगळे, हे तिला फार लवकर कळते.

घरी आणल्यावर ज्वारीला दोन-तीन दिवस गच्चीवर कडक ऊन दाखवावे. संध्याकाळी लगेच भरू नये. रात्रभर पसरून निववावी आणि सकाळी भरावी. गरम दाणा कोठीत कोंडला तर त्याचीच वाफ झाकणाला धरते व तेथूनच बुरशी सुरू होते. आमच्या आजोळी अक्कलकोटाकडे पेव होते. कठीण मुरमात खणलेले ते तळघर, आत कडब्याचे अस्तर, वर दगड आणि चिखलाने लिंपलेले तोंड. पेव बंद झाले की आतील दाणे आणि किडे दोघेही श्वास घेऊन प्राणवायू संपवीत. किडे मरत, दाणा राही. म्हणूनच पेवाचे तोंड उघडून पुष्कळ वेळ वारा खेळल्याशिवाय कोणी आत उतरत नसे. उतरण्याची घाई केलेली माणसे गुदमरून मेल्याच्या गोष्टी गावोगाव सांगतात. हल्ली बाजारात ग्लूटेनमुक्त वस्तूंचे पेव फुटले आहे असे जेव्हा आम्ही म्हणतो, तेव्हा खऱ्या पेवाचा गुण न फुटण्यात होता हे आठवते.

पेव आज कोणी खणणार नाही, पण त्याचे तत्त्व घेता येते. दोन क्विंटलांची एकच मोठी कोठी करण्याऐवजी वीस-पंचवीस किलोंचे घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे करावे. काठोकाठ भरावे, म्हणजे आत हवा थोडी राहते. एक संपेपर्यंत दुसरा उघडू नये. रोज उघडली जाणारी कोठी आणि कधीच न उघडलेला डबा यांत पावसाळ्यानंतर जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. डबे भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळीवर ठेवावे. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांत घालावा. त्याने किडा मरतो असे आम्ही म्हणणार नाही, पण त्याला येथे राहणे आवडत नाही. ज्यांची घरे लहान, गच्ची नाही, त्यांनी पाच-पाच किलोंच्या पिशव्या करून चार दिवस शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्या. सोंड्याची अंडी त्याने नष्ट होतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यावर दंव पडते.

धान्यास लावण्याच्या गोळ्या व भुकट्या यांविषयी मात्र आम्ही कठोर आहोत. ज्वारी बहुधा न धुताच दळली जाते. तिला लावलेली भुकटी सरळ पिठात येते. गोदामांत वापरतात त्या गोळ्यांतून निघणारा वायू तर बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. राहत्या घरात ती गोळी आणूच नये, मग ती कोणी कितीही खात्रीने देवो.

दळण्याचा प्रश्न उरला. आम्ही प्रथम माळ्यावरचे जाते उतरवले. पाथरवटास बोलावून त्याला टाकी लावून घेतली. पण ज्या दगडावर तीन पिढ्यांनी गहू भरडला त्याच्या छिद्रांचा विश्वास कोण धरणार? शेवटी घरगुती छोटी विजेची गिरणी घेतली, आणि त्या दिवसापासून तिच्यात गव्हाचा दाणा पडलेला नाही. ज्यांना हा खर्च झेपत नसेल त्यांनी दोन-तीन घरे मिळून घ्यावी. किंवा ज्या गिरणीत ज्वारी-बाजरीसाठी चक्की वेगळी आहे ती शोधावी. पहिल्या दळणात आधी किलोभर ज्वारी घालून ती गाईला द्यावी, असा उपाय कित्येकजण सांगतात. तो काहीच न करण्यापेक्षा बरा. सीलिॲकच्या मुलास पुरेसा नव्हे. चाळण, परात, पोळपाट-लाटणे व पिठाचा डबा हेही वेगळे हवेत. चाळणीच्या जाळीत जुनी कणीक महिनोन् महिने राहते. पीठ एका वेळी आठवड्याचेच दळावे आणि उन्हाळ्यात ते शीतकपाटात ठेवावे.

आता मूळ पत्रातील केकचा विचार. गव्हाच्या पिठात ग्लूटेनची जाळी असते. खमिराने किंवा सोड्याने सुटलेला वायू त्या जाळीत अडकतो आणि पदार्थ फुगतो. ज्वारीत ती जाळी नाही. भाकरीला आपण उकळते पाणी घालतो ते याचसाठी. पिठातील पिष्ट शिजून चिकट होते आणि जाळीचे काम तात्पुरते करते. म्हणून आरंभ नानकटाईपासून करावा. ती मुळातच तुपाने ठिसूळ व्हावयाची. तीत ग्लूटेन नसणे हा दोषच नव्हे. दोन वाट्या ज्वारीचे ताजे पीठ, अर्धी वाटी बेसन, तूप-साखर नेहमीप्रमाणे; बेसन मात्र घरच्याच गिरणीतले. केकसाठी दोन भाग ज्वारी, एक भाग तांदूळ, एक भाग शिंगाड्याचे किंवा आरारूटचे पीठ घ्यावे आणि वाटीमागे चहाचा एक चमचा इसबगोल घालावे. दह्यात कालवून अर्धा तास तसेच ठेवावे. इसबगोल फुगून पिठास धरून ठेवते. ज्या घरांत अंडे चालते त्यांचे काम अधिक सोपे होते, इतकेच येथे नमूद करतो. पावाच्या नादी प्रथमच लागू नये. आमचे पहिले तीन पाव पायरीचे दगड झाले.

आणखी एक अडचण आपल्याच घरांची आहे. भाकरी, नानकटाई सर्व शुद्ध झाले, नात टुणटुणीत झाली, आणि एका मुंजीला जाऊन आल्यावर पुन्हा आजारी पडली. पानात तिने पोळीला हात लावला नव्हता. केवळ वरणभात आणि बटाट्याची भाजी. शोध केला तेव्हा चोर फोडणीत सापडला. बाजारातील खड्याचा व पुडीचा हिंग बहुधा निव्वळ हिंग नसतो. तो डिंकाबरोबर मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला असतो. मैद्याचा असेल तर रोजच्या आमटीतून गहू पोटात जातो. मेतकुटात भाजलेला गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत असतो, सातूच्या पिठात तर असतोच. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. आजारी मुलाने नको म्हटले तर प्रसादाचा अव्हेर झाला असे मानणारी वडीलधारी मंडळी आमच्या परिचयात आहेत. त्यांची श्रद्धा खोटी नाही, पण तो घास भोगावा लागतो लेकराला. आमच्या घरी गेली दोन वर्षे प्रसादाचा शिरा वरीच्या तांदळाच्या रव्याचा होतो. गुरुजींनी विचारले, आम्ही कारण सांगितले, आणि ते "अवश्य करा" म्हणाले.

शाळेच्या डब्याचे काम बव्हंशी कडक भाकरीने केले. आमच्या जिल्ह्यात ही फार जुनी वस्तू: पातळ थापून, तीळ लावून, तव्यावर भाजल्यावर मंद आचेच्या उबेला ठेवून पापडासारखी खुटखुटीत केलेली. ओलावा पार निघून गेल्यामुळे ती महिनाभर सहज टिकते. शेतावर, लांबच्या प्रवासात, वारीत ती माणसांनी शेंगांच्या चटणीबरोबर खाल्ली. आता बचतगटांच्या बायका ती बांधून परगावी पाठवतात; पण सीलिॲकच्या मुलासाठी विकत घेताना कोणत्या गिरणीचे पीठ, हे विचारावे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आमची सूचना आहे, की केकच्या आधी ही करून पाहावी. पुण्यास मालदांडी सहज मिळते. अर्धा क्विंटल पहिल्या वर्षी पुरे. प्रवासात किंवा अडीअडचणीस म्हणून छापील ग्लूटेनमुक्त पिठाची अर्ध्या किलोची एखादी पिशवी जवळ असावी, पंचवीस किलोंची नको.

दर रविवारी सकाळी पाच किलो ज्वारी ताटात घेऊन नात आमच्याजवळ निवडावयास बसते. तिचे डोळे आमच्याहून बरे. गेल्या रविवारी तिला गव्हाचे तीन दाणे सापडले. "आजी, तीन!" असे ओरडून तिने ते वाटीत टाकले, आणि निवडणे झाल्यावर गच्चीत चिमण्यांना नेऊन घातले.